माया विणकाम शिकायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातमागाचं वेड असलेली माणसं येवला, पोचमपल्ली, पाटण करून झाली की नकाशावर आणखी लांब बघायला लागतात. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाचा डोंगराळ पश्चिम भाग आणि त्याला लागून असलेलं मेक्सिकोचं चियापास राज्य हा असाच एक मुलूख, माया या तिथल्या मूळ रहिवाशांचा. तिथे जाऊन नुसती खरेदी करण्यापेक्षा काही दिवस मागावर बसावं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्या नेहमीच्या शंका इथे एकत्र केल्या आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

माया संस्कृती तर केव्हाच लोप पावली ना? मग शिकवणार कोण?

ओसाड पडली ती तिकाल, पालेंकेसारखी शहरं. माणसं तिथेच राहिली. २०१८ च्या जनगणनेत ग्वाटेमालाच्या सुमारे ४२ टक्के लोकांनी आपली नोंद माया म्हणून केली. देशात २२ माया भाषा बोलल्या जातात: किचे, काक्चिकेल, माम, केक्ची, त्सुतुहिल, इशिल वगैरे. सीमेपलीकडे चियापासमध्ये त्सोत्सिल आणि त्सेल्ताल आहेत.

विणकामाची परंपराही अखंड आहे. याश्चिलान या प्राचीन नगरातली आठव्या शतकातली एक कोरीव शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावरच्या राणीच्या अंगरख्यावर चौकटींची बारीक नक्षी दगडात उतरवली आहे. चियापासच्या डोंगरांतल्या अंगरख्यांवर तशाच शंकरपाळी नक्षीचे प्रकार आजही विणले जातात. कांपेचे किनाऱ्याजवळच्या हाइना बेटावर सापडलेल्या मातीच्या बाहुल्यांमध्ये कमरेला माग बांधून विणणारी एक बाई आहे. तिचा माग आजच्या बाईने बघितला तर तिला काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

कमरेचा माग म्हणजे नेमकं काय?

आठ-दहा काठ्या, एक दोर आणि एक पट्टा. चौकट नाही, खड्डा नाही, पायाने दाबायची पावडी नाही. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक झाडाला किंवा घराच्या खांबाला बांधायचं आणि दुसरं टोक विणणारीच्या कमरेमागून गेलेल्या पट्ट्याला. ताण्याला ताण देते ती तिची कंबर. मागे रेललं की धागे घट्ट, पुढे झुकलं की सैल. सैल झाले की धाग्यांचा एक थर उचलायचा, एक रुंद, गुळगुळीत लाकडी पातं मधे आडवं सरकवून उभं करायचं, झालेल्या फटीतून बाणा, म्हणजे आडवा धागा, न्यायचा आणि त्याच पात्याने ठोकून बसवायचा. या पात्याला स्पॅनिशमध्ये 'एस्पादा', म्हणजे तलवार म्हणतात आणि वजनाला ती खरंच तशी असते.

काम संपलं की सगळा माग गुंडाळून कोपऱ्यात उभा करता येतो. शेतावर, अंगणात, बाजारातल्या ओट्यावर, जिथे खांब मिळेल तिथे तो पुन्हा उघडतो. ज्या बाईला घर, मूल आणि चूल सांभाळून विणायचं आहे तिला याहून सोयीचा माग मिळणार नाही.

या रचनेतून कापडाचे गुण ठरतात. पन्हा विणणारीच्या हातांच्या पल्ल्यापेक्षा जास्त होऊ शकत नाही, म्हणून अंगरखा दोन किंवा तीन पट्ट्या जोडून होतो. ताणा दोन्ही टोकांना काठीवर वळसा घेऊन परत येतो, त्यामुळे कापड मागावरून उतरतं तेव्हा चारही बाजूंनी किनार तयार असते, कात्री लागत नाही. मात्र शेवटच्या वितीत पातं घुसायला जागा उरत नाही. तिथे बारीक काठीने आणि सुईने बाणा ओढत भर घालावी लागते आणि नीट पाहिलं तर तेवढाच पट्टा जरा विरळ दिसतो. जाणकार हात आधी तिथे जातो.

नक्षी बहुतेक ठिकाणी जास्तीच्या बाण्याने भरतात. साध्या विणीच्या दोन ओळींमध्ये रंगीत धागा बोटांनी किंवा टोकदार काडीने मोजून घालायचा. म्हणजे जात जामदानीची. पैठणीत रंगीत बाणे एकमेकांत अडकवून खुद्द कापडच नक्षीचं बनतं. इथे खालचं कापड स्वतंत्र असतं आणि नक्षी त्यावर बसते. पैठणीचा माग बघितलेल्या माणसाला हा फरक पहिल्या तासातच हाताला कळतो.

कोणकोणते कपडे विणतात?

बायकांचा अंगरखा म्हणजे हुइपिल. खाली गुंडाळायचं लांब वस्त्र म्हणजे कोर्ते, ते बांधायचा पट्टा म्हणजे फाहा. डोक्यावर, खांद्यावर किंवा टोपलीवर टाकायचा चौकोनी रुमाल म्हणजे त्सुते. कोर्तेच्या दोन पट्ट्या जोडताना त्या शिवणीवर रंगीत भरतकाम करतात त्याला रांदा म्हणतात. ती शिवण लपवण्याऐवजी मिरवतात. केसांच्या फितीही विणलेल्या असतात. सान्तियागो अतितलानची लांबच लांब लाल फीत डोक्याभोवती चकतीसारखी गुंडाळतात. ग्वाटेमालाच्या २५ सेंतावोच्या नाण्यावर ती फीत बांधलेली बाई आहे. पहिल्याच दिवशी सुट्टे पैसे हातात आले की बघा.

ग्वाटेमालाला जावं की चियापासला?

पहिल्यांदा जात असाल आणि शिकणं हाच हेतू असेल तर ग्वाटेमाला. तिथे शिकवण्याची घडी बसलेली आहे, अंतरं कमी आहेत, आणि एका सरोवराभोवती तीन-चार शैली बघायला मिळतात. चियापासमध्ये बघण्यासारखं प्रचंड आहे, पण आठवडाभराच्या वर्गाची सोय शोधावी लागते. दोन्ही एकाच फेरीत करायचा मोह होतो. तीन आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर करू नका.

मला विणकाम अजिबात येत नाही. चालेल का? किती दिवस लागतील?

चालेल. बऱ्याच शिक्षिका तुम्हाला काही येत नाही असंच धरून चालतात.

दोन तासांच्या वर्गात तुम्ही तयार मागावर बसाल, चार बोटं विणाल, फोटो काढाल. विणकाम कशाशी खातात एवढं कळेल. तीन-चार दिवसांत एक अरुंद पट्टा किंवा छोटा गळपट्टा होतो. आठवडाभर रोज बसलात तर साधी नक्षी घालता येते. स्वतःच्या अंगात घालता येईल असं हुइपिल विणायचं स्वप्न असेल तर ते घरीच ठेवा. तिथल्या मुरलेल्या बाईलाही भरगच्च हुइपिलला काही महिने लागतात.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. बहुतेक वर्गांत शिक्षिका ताणा आदल्या दिवशी स्वतः लावून ठेवते, कारण खुंट्यांच्या फळीवर ताणा लावणं हे कंटाळवाणं काम आहे आणि पाहुण्याचा वेळ वाचतो. पण ताणा लावणं आणि धागे उचलायचे फासे बांधणं हे न शिकता परत आलात तर घरी पुढचा तुकडा सुरूच करता येणार नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा: ताण्यापासून शिकायचं आहे. एक दिवस जास्त लागेल, पैसेही थोडे जास्त जातील. द्या.

शिकवण्याची पद्धत बोलून सांगण्याची नाही. ती करून दाखवते, तुम्ही बघायचं, चुकलात की ती न बोलता तेवढ्या ओळी उसवते आणि माग परत तुमच्या हाती देते. आपल्याकडे ज्याला 'हात बसणं' म्हणतात तेच इथे अपेक्षित आहे. वहीत लिहून घेणाऱ्यांकडे बायका जरा कौतुकाने आणि जरा कीव करून बघतात.

शरीराला त्रास होतो का?

होतो. पारंपरिक बैठक गुडघ्यांवर, खाली चटई. पाहुण्याला बुटकं स्टूल मिळतं, मागा. पहिल्या दोन दिवसांत कंबर आणि खांदे बोलायला लागतात. कमरेचं जुनं दुखणं असेल तर दिवसाला दोन-अडीच तासांवर जाऊ नका. सैल पायजमा किंवा सलवार बरी.

शिकायला कुठे जावं?

केत्साल्तेनांगो, ज्याला सगळे 'शेला' म्हणतात, हे ग्वाटेमालातलं दुसरं मोठं शहर. इथे त्रामा तेक्स्तिलेस ही विणकर बायकांची संस्था आहे. ती १९८८ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना उभी राहिली. १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षं चाललेल्या त्या युद्धात दोन लाखांच्या आसपास माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली आणि त्यातली बहुसंख्य माया होती. घरातले पुरुष गेले, मागे राहिलेल्या बायकांना विणणं एवढंच येत होतं. अनेक सहकारी गटांची मुळं तिथे आहेत. इथे तासांवर आणि आठवड्यावर शिकता येतं. शेला पर्यटकांचं शहर नसल्याने राहणं स्वस्त आणि स्पॅनिश शिकायच्या शाळा भरपूर. सकाळी भाषा, दुपारी माग, असा दिवस लावता येतो. थंडी मात्र बोचरी असते, शहर २३०० मीटरवर आहे.

अतितलान सरोवराच्या काठचं सान हुआन ला लागुना हे त्सुतुहिल गाव नैसर्गिक रंगांसाठी प्रसिद्ध आहे. मुख्य रस्त्यावर एकाला लागून एक सहकारी दुकानं, प्रत्येकात तेच प्रात्यक्षिक: कापूस पिंजणं, चातीवर सूत काढणं, रंगाच्या भांड्यात लडी बुडवणं, मग दुकान. एक प्रात्यक्षिक बघा, पण तिथेच थांबू नका. वर्ग कोण घेतं ते विचारा आणि गावात मुक्काम करा. दुपारची शेवटची बोट गेली की गाव वेगळं होतं आणि शिक्षिकेलाही घाई नसते.

आंतिग्वाजवळचं सान आंतोनिओ आग्वास कालिएन्तेस हे काक्चिकेल गाव माझ्या मते कौशल्याचं शिखर आहे. इथली फुलं, फळं, पक्षी कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखेच उमटतात, उलट-सुलट ओळखता येत नाही. ही वीण युरोपातून आलेल्या कशिद्याच्या नमुन्यांवरून बायकांनी मागावर उतरवली. म्हणजे 'अस्सल माया' नक्षीत गुलाब कसा, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार आहे. नवख्या माणसाने ही वीण शिकायचा हट्ट धरू नये. साधी वीण शिकावी आणि शेजारच्या मागावर काय चाललंय ते बघत बसावं.

आंतिग्वा शहरातही वर्ग मिळतात. ज्यांच्याकडे दोनच दिवस आहेत त्यांच्यासाठी ठीक.

चियापासमध्ये मुक्काम सान क्रिस्तोबाल दे लास कासास इथे. सांतो दोमिंगोच्या जुन्या मठात माया वस्त्रांचं संग्रहालय आहे आणि त्याच आवारात स्ना होलोबिल या विणकर सहकारी संस्थेचं दुकान. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या या संस्थेने जुन्या हुइपिलांचा अभ्यास करून विस्मरणात चाललेल्या नक्ष्या परत मागावर आणल्या. जवळच सिनाकांतान आणि चामुला ही दोन गावं आहेत. सिनाकांतानचे कपडे फुलांनी गच्च भरलेले असतात, पण आता त्यातलं बरंचसं भरतकाम यंत्रावर होतं. लग्नाच्या हुइपिलात तिथे पांढरी पिसं विणतात. चामुलात बायका स्वतः पाळलेल्या मेंढ्यांच्या लोकरीचे काळे, केसाळ कोर्ते नेसतात. त्या मेंढ्या खाण्यासाठी मारत नाहीत.

संग्रहालय आधी बघावं की नंतर?

आधी. ग्वाटेमाला सिटीच्या दहाव्या झोनमध्ये फ्रान्सिस्को मारोकीन विद्यापीठाच्या आवारात म्युझिओ इश्चेल आहे. चंद्र आणि विणकामाशी जोडलेल्या माया देवतेचं हे नाव. गावागावांचे पोशाख कालक्रमाने बघितले की पुढे बाजारात डोळे गोंधळत नाहीत. बहुतेक लोक विमानतळावरून थेट आंतिग्वाला पळतात आणि हे चुकवतात.

प्रत्येक गावाचा पोशाख वेगळा का?

वाटाडे हमखास सांगतात की स्पॅनिश सत्तेने माणसं ओळखू यावीत म्हणून गावागणिक गणवेश ठरवून दिले. गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणूनच टिकली. प्रत्यक्षात गावाची ओळख ही गावाची भाषा, संतांचे उत्सव, लग्नसंबंध या सगळ्यांतून घट्ट झालेली आहे आणि पोशाख कधीच गोठलेला नव्हता. सांता कातारिना पालोपोचं हुइपिल आज निळं-हिरवट म्हणून ओळखलं जातं, पण आजी-पणजीच्या काळात ते लाल-पांढरं होतं. कोबान भागात केक्ची बायका पांढऱ्यावर पांढरी, जाळीदार 'पिकबिल' वीण करतात. उष्ण, दमट हवेला ती शोभते. नेबाहच्या इशिल हुइपिलांवर पक्षी आणि घोडे रांगेने चालतात. आणि शेलामधली कॉलेजातली मुलगी आज या गावचं, उद्या त्या गावचं हुइपिल घालते, रंग जुळला की झालं.

नक्ष्यांचे अर्थ काय असतात?

काहींचे असतात. चियापासच्या हुइपिलांवरच्या चौकटी म्हणजे चार दिशांचं जग आणि मधे सूर्याचा मार्ग, असं तिथल्या विणकर सांगतात. बेडूक पावसाशी जोडलेला. किचे गावांतला दोन तोंडांचा गरुड जुना माया आहे की स्पॅनिश राजघराण्याच्या मुद्रेवरून आलेला, यावर अभ्यासकांचे वाद आहेत आणि तो दोन्ही असू शकतो. पण दुकानात प्रत्येक नागमोडी रेषेला 'ज्वालामुखी', 'आयुष्याची वाट' असं काहीतरी चिकटवलेलं ऐकाल. बऱ्याच विणकर बायकांना विचारलं तर उत्तर येतं, "आईने असंच विणलं." ते उत्तर पुरेसं आहे, खोदून खोदून विचारू नका.

रंग खरोखर नैसर्गिक असतात का?

बहुतेक नाहीत. रोज वापरायच्या हुइपिलांत गिरणीचं रंगीत सूत आणि ॲक्रिलिक असतं, आणि बायकांना ते आवडतं: भडक, धुतलं तरी न विटणारं, दुकानात सहज मिळणारं. मातकट, फिकट रंग हवे असतात ते पाहुण्यांना. नैसर्गिक रंगांचं काम प्रामुख्याने सान हुआनसारख्या गावांत टिकलंय किंवा नव्याने उभं राहिलंय.

तिथे मात्र ते बघण्यासारखं आहे. फड्या निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून लाल. लिंबू किंवा राख घालून त्याच लालाचा नारिंगी नाही तर जांभळा होतो. ही कोचिनील एकोणिसाव्या शतकात ग्वाटेमालाची मोठी निर्यात होती. युरोपात रासायनिक रंग निघाले, भाव कोसळला आणि त्या जमिनींवर कॉफी आली. नीळ तिथेही आहे. शेंद्रीच्या बियांपासून केशरी. झेंडूपासून पिवळा, आणि दसऱ्याला आपण दाराला लावतो त्या झेंडूचं मूळ घर मेक्सिकोच आहे. रंग पक्का करायला केळीच्या खोडाचा रस वापरतात.

कापसाचंही असंच. मुळातच तपकिरी असलेला, न रंगवलेला कापूस तिथे मिळतो. त्याला 'इश्काको' म्हणतात, चियापासकडे 'कोयुचे'. तो ज्या प्रजातीचा, त्याच प्रजातीचा पांढरा कापूस आज विदर्भात बहुतांश शेतांत उभा आहे. आपला गावठी कापूस वेगळ्या प्रजातीचा.

पुरुष विणतात का?

कमरेच्या मागावर मुख्यतः बायका. पावडीचा माग सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आला आणि तो पुरुषांच्या हाती राहिला. कोर्तेचं लांब कापड त्यावर होतं. साल्काहा आणि तोतोनिकापान भागात सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात. या प्रकाराला तिथे 'हास्पे' म्हणतात. पोचमपल्ली बघितलेल्यांना गाठी बांधायची पद्धत ओळखीची वाटेल. मोमोस्तेनांगोत लोकरीची ब्लँकेटं. तोदोस सांतोस कुचुमातान या माम गावात पुरुष अजून लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या विजारी घालतात आणि खांद्यावरच्या पिशव्या स्वतः सुईने विणतात.

हाताने विणलेलं आणि यंत्राचं कसं ओळखायचं?

उलटी बाजू बघा. हाताच्या नक्षीत धाग्यांची वळणं थोडी कमी-जास्त असतात, यंत्राच्या भरतकामात खाली एकसारखा पांढरा किंवा काळा दोरा धावतो. कडा बघा: चारही बाजूंना किनार असेल तर कमरेचा माग. पूर्ण कापडावर हुइपिलाचं चित्र छापलेलंही मिळतं, आणि तिथल्या गरीब बायकाच ते घेतात, कारण त्यांना विणलेलं परवडत नाही. तेव्हा छापील कापड घातलेल्या बाईकडे बघून नाक मुरडू नका.

बाजारात घासाघीस करावी का?

चिचिकास्तेनांगोचा बाजार गुरुवारी आणि रविवारी, सोलोलाचा मंगळवारी आणि शुक्रवारी. चिचिकास्तेनांगोत पाहुण्याला किंमत वाढवूनच सांगतात, थोडी घासाघीस चालते. सहकारी दुकानात आणि थेट विणणारीकडून घेताना करू नका. साधं हुइपिल काही शे केत्सालला मिळतं, बारीक कामाचं काही हजारांना. डॉलरला साधारण पावणेआठ केत्साल धरा. महिन्यांचा हिशेब केला तर हजारांचा आकडाही कमीच आहे.

वर्गाची फी ठरवताना सूत धरून की वेगळं, तयार झालेला तुकडा आणि काठ्या तुमच्या की परत द्यायच्या, हे विचारून घ्या. एखाद्या सहलसंयोजकामार्फत गेलात तर फीमधलं शिकवणारीला किती मिळतं, हेही विचारा. उत्तर द्यायला जो अडखळतो त्याच्याकडे जाऊ नका.

जुनी हुइपिलं, त्यांच्या पिशव्या घ्याव्यात का?

जुनं हुइपिल विकलं जातं ते बहुधा घरात पैशाची नड असते म्हणून. ते जपून ठेवणारं कोणी घेत असेल तर विणकरांची सहसा तक्रार नसते. ते कापून पर्स आणि बूट बनवणं अनेकींना खटकतं. नव्या कापडाच्या पिशव्या घ्या.

हुइपिल मी घातलं तर चालेल का? नक्षी घरी उतरवून विकली तर?

घालायला बहुतेक बायका खुशीने परवानगी देतात, किंबहुना त्यांना विकायचंच असतं. सण-उत्सवाला, धार्मिक बंधुमंडळाच्या मिरवणुकीत समारंभी वस्त्र घालून मिरवू नका. हेही माहीत असू द्या की याच पोशाखामुळे माया बायकांना अपमान सोसावा लागला आहे. २००२ मध्ये एका माया मानववंशशास्त्रज्ञ बाईंना पारंपरिक पोशाखात असल्याने राजधानीतल्या एका उपाहारगृहात प्रवेश नाकारला गेला. त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि त्याच वर्षी ग्वाटेमालात असा भेदभाव फौजदारी गुन्हा ठरला. १९९२ चं शांततेचं नोबेल घेणाऱ्या रिगोबेर्ता मेंचू जगभर हुइपिल घालूनच वावरल्या, त्याचं वजन या पार्श्वभूमीवर कळतं.

विकण्याचा प्रश्न वेगळा. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, तसं कायद्याचं कवच आपल्या नक्ष्यांना नाही, अशी ग्वाटेमालातल्या विणकरांची तक्रार आहे. २०१६ मध्ये आफेदेस या महिला संघटनेच्या पुढाकाराने विणकर बायका थेट घटनात्मक न्यायालयात गेल्या. नक्षी ही एका बाईची नसून गावाची सामूहिक मालमत्ता आहे, अशी त्यांची भूमिका. मेक्सिकोने २०२२ मध्ये आदिवासी समूहांच्या सांस्कृतिक वारशासाठी असा कायदा केलाही. तेव्हा स्वतःसाठी विणा, भेट द्या. 'माया कलेक्शन' काढू नका.

फोटो काढू का?

विचारून. मुलांचे नकोतच. चामुलाच्या चर्चच्या आत कॅमेरा पूर्ण बंद आहे, आणि ही बंदी गाव फार गांभीर्याने पाळतं.

स्पॅनिश यायलाच हवी का?

इंग्रजीवर भागत नाही. अंक, रंग, 'सैल', 'घट्ट', 'उसवा', 'पुन्हा दाखवा' एवढी स्पॅनिश तरी घेऊन जा. काही म्हाताऱ्या विणकरांना स्पॅनिशही जेमतेम येते, तिथे हातवारेच. शिक्षिकेला नावाआधी 'दोन्या' लावून हाक मारा, आपल्या 'बाईं'सारखा तो मान आहे. किचे भागात आभाराला 'माल्त्योश', त्सोत्सिलमध्ये 'कोलावाल'. एवढ्याने चेहरे उजळतात.

व्हिसा आणि विमानाचं कसं?

भारतातून थेट विमान नाही. माद्रिदमार्गे किंवा अमेरिकेमार्गे ग्वाटेमाला सिटी. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी ध्यानात घ्या. ग्वाटेमालाच्या व्हिसाचे नियम नवी दिल्लीतल्या दूतावासाकडूनच तपासा. मेक्सिकोसाठी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन यांपैकी एखादा वैध व्हिसा असेल तर भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी खात्री करा. ग्वाटेमालात मिळणारे ९० दिवस होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा धरून असतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रवास अर्थातच फार सोपा.

कधी जावं?

नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा काळ. मे ते ऑक्टोबर दुपारी पाऊस, पण सकाळी विणायला काही अडत नाही आणि गर्दी कमी. १ नोव्हेंबरला तोदोस सांतोसमध्ये घोड्यांची शर्यत आणि सुंपांगोमध्ये प्रचंड पतंग असतात. दोन्ही एकाच दिवशी, एक निवडा. रात्री स्वेटर बाराही महिने.

शाकाहारी माणसाचं काय?

मक्याचे तोर्तिया, काळ्या घेवड्याची उसळ, अंडी, ॲवोकॅडो, तळलेली केळी, टोमॅटोचं चिर्मोल. उपाशी राहत नाही. पण घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, म्हणून 'सिन मान्तेका' म्हणा. तामालमध्ये चरबी किंवा मांस धरूनच चाला. जैन जेवण मिळेल ही आशा सोडा. लसणीची चटणी घेऊन गेलात तर शिक्षिकेच्या घरीही खपते, तिखटाशी त्यांचं वैर नाही.

एकट्या बाईने जाणं सुरक्षित आहे का?

हजारो जणी जातात, पण शिस्त पाळावी लागते. अंधार पडल्यावर गावांदरम्यान प्रवास करू नका. रंगीबेरंगी लोकल बस मजेशीर असल्या तरी सामान सोबत असेल तर सामायिक व्हॅन घ्या. अतितलानभोवतीच्या गावांमधल्या पायवाटांवर लुटालूट झालेली आहे, बोटीने जा. दुपारी 'शोकोमिल' वारा सुटतो आणि सरोवर खवळतं, त्यामुळे बोटही सकाळचीच. चियापास-ग्वाटेमाला सीमा रस्त्याने ओलांडायची असेल तर त्या आठवड्याची परिस्थिती सान क्रिस्तोबालमध्ये विचारून घ्या.

परत येताना माग आणता येतो का?

अर्धवट विणलेल्या तुकड्यासकट आणता येतो, आणि तसाच आणावा. सगळ्या काठ्या ताण्यासह गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने घट्ट बांधा, म्हणजे ताण्याचे धागे एकाआड एक जिथे एकमेकांना ओलांडतात ती फुली निसटणार नाही. निसटली तर घरी ती जुळवायला दिवस जातो. काठ्या वाळलेल्या, साल काढलेल्या असू द्या. लाकडी 'तलवार' हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीला तिचं स्पॅनिश नाव सांगितलंत तर काम आणखी वाढेल. ती मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधे. घरी गॅलरीचा गज किंवा खिडकीची जाळी खांब म्हणून चालते, फक्त जाळी भिंतीत पक्की आहे ना ते आधी ओढून बघा. आणि जास्तीचं सूत तिथूनच आणा: तिथल्या पिळाचं, तेवढ्याच जाडीचं सूत इथे शोधत बसण्यात पहिला उत्साह संपतो.